अडीच घटका

धर्माबाद,
५ डिसेंबर १९४३

चि. सौ. इंदू हीस,
अनेक आशीर्वाद.

शिरूरला सुखरूप पोचल्याचं तुझं कार्ड आज मिळालं. चार ओळी, त्यातल्या दोन छकड्याच्या बैलांबद्दल. पाच महिन्यांचं मूल मागे ठेवून गेलेली बाई आणखी काय लिहिणार? मी समजले.

भामा बरी आहे. तू गेल्यावर दोन दिवस तिनं काही घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी शेजारच्या अख्तरीनं शेळीचं दूध आणलं, कापसाच्या बोळ्यानं ओठ ओले केले आणि म्हणाली, "पी गे माँ, तेरे बाप की नाराजी हमारे बकरी पे कायकू?" मग प्यायली. अख्तरीचा नवरा पाशामियाँ आपल्या स्टेशनवर सांधेवाला आहे, आठवतो ना? तो म्हणतो पोरगी इंजिनासारखी रडते, आधी वाफ, मग शिट्टी.

तुझ्या सासऱ्यांचंही पत्र आहे. किशनरावांनी जोशीबुवांचा निर्णय पुन्हा सविस्तर कळवला. ज्येष्ठा नक्षत्राची शेवटची एक घटका आणि मुळाच्या पहिल्या दोन, एवढा वेळ म्हणजे अभुक्त मूळ. त्यात जन्मलेल्या मुलाचं तोंड बापानं आठ वर्षं पाहायचं नाही, पाहिलं तर बापाच्या जिवावर बेततं. शांत केली तरी ते टळत नाही. म्हणून सुनेनं सासरी यावं आणि मुलीनं आजोळी वाढावं. पत्रात राग नाही, भीती आहे. एकच मुलगा असलेल्या म्हाताऱ्याची भीती आहे ती, तू त्यांच्यावर चिडू नकोस.

जोशीबुवा कसोशीचे आहेत, एवढं मात्र खरं. धर्माबाद शिरूरच्या पूर्वेला, म्हणून आमच्याकडे सूर्य चार मिनिटं आधी उगवतो. ती दहा पळंसुद्धा त्यांनी गणितात धरली आहेत. आणि वेळ तर मीच कळवली होती. गुरुवार, आषाढ शुद्ध त्रयोदशी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. तुझ्या उशाशी मनगटावरचं घड्याळ बघत बसले होते. सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात आठ वर्षं घंटेवर उठले-बसले, मिनिटाची चूक माझ्याकडून व्हायची नाही.

आठ वर्षं जातील, इंदू. तुझे आईबाप गेले तेव्हा तू तीन वर्षांची माझ्याकडे आलीस. ती वर्षं कुठे गेली ते मला कळलंसुद्धा नाही.

तुझी,
आत्या


धर्माबाद,
१६ फेब्रुवारी १९४४

चि. सौ. इंदू हीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं लांब पत्र आलं. वाचून आधी बरं वाटलं, मग राहवेना.

तू लिहितेस, भामा सकाळी आठ वाजता दूध पिते असं मी कळवल्यापासून तू रोज चावडीवर आठचा तास पडला की हातातलं काम टाकून देवापाशी बसतेस. सासूबाई विचारतात, "आठालाच काय देव उठतो का गं तुझा?"

अगं वेडे, तुमचे आठ म्हणजे आमचे नऊ. लढाई सुरू झाल्यावर रेल्वेनं घड्याळं तासभर पुढे केली, ती तशीच आहेत. तुमच्या शिरूरला स्टेशन नाही, तिथे तास अजून जुन्या वेळेनंच पडतो. तू डोळे मिटतेस तोवर तिचं दूध होऊन, ढेकर निघून, ती झोपलेली असते. सातचा तास पडला की बसत जा.

तुमच्याकडचा दिवस मला आठवतो. लग्नाच्या वेळी आले होते तेव्हा पाहिला. उन्हं मठाच्या पायरीवर आली की भाकरी, ओट्यावर आली की शेताची वाट. कुणाला उशीर झाला असं कुणी म्हणत नाही. अर्ध्या गावाचं कानडी, अर्ध्याचं मराठी, आणि घाई दोन्हींत नाही. आमच्याकडे तेलुगू बोलणाऱ्या मिरचीवाल्यापासून तहसिलीच्या मुन्शीपर्यंत सगळे गाडीच्या शिट्टीवर जगतात. गाडी चुकली तर माणसं रडतात इथे. तुमच्याकडे रडायला मोठं कारण लागतं.

पत्राच्या शेवटी तू विचारलं आहेस, "आत्या, तुझ्या घड्याळात रेल्वेचीच वेळ असते ना?" असल्या गोष्टींनी डोकं शिणवू नकोस. अंगावरचं दूध आटलं का? आटलं नसेल तर छातीवर मोगऱ्याची फुलं बांध. ताप येऊ देऊ नकोस.

भामाला दोन दात आले, खालचे.

तुझी,
आत्या


धर्माबाद,
२८ जानेवारी १९४५

चि. सौ. इंदू हीस,
अनेक आशीर्वाद.

चार महिन्यांत तुझं एक कार्ड. मीही थोडंच लिहिते.

भामा दीड वर्षाची झाली. अंगणभर पळते. पाशामियाँच्या हिरव्या झेंडीवर तिचा जीव आहे. ती हातात घेऊन कोंबड्यांना हलवते आणि कोंबड्या जात नाहीत म्हणून रडते.

आमचे जावई रेणुकादास मिरचीच्या बाजाराला आले होते. भेटून गेले. तब्येत बरी वाटली. शेंगदाण्याचे लाडू दिले आहेत, पोचले का?

ह्यांना, बापूसाहेबांना, मार्चअखेर मालधक्क्यावरून निवृत्ती आहे. पण स्टेशनजवळचं घर सोडणार नाही म्हणतात.

तुझी,
आत्या


धर्माबाद,
१९ जून १९४५

चि. इंदू हीस,

तीन कागद फाडले. तिन्हींवर हातानं सवयीनं 'सौ.' लिहिलं. खोडून पाठवण्यापेक्षा फाडलेलं बरं, असं वाटलं.

पटकीनं एका दिवसात माणूस जातो हे मला माहीत आहे. तुझा बाप, माझा धाकटा भाऊ, तसाच गेला होता. पण रेणुकादास! सव्वीस वर्षांचे! मी येणार होते. बापूसाहेब तिकिटं काढायला निघाले आणि तेवढ्यात किशनरावांचं कार्ड आलं. त्यांचं अक्षर ओळखू येत नव्हतं. "पोरीनं बाप खाल्ला. तोंड बघितलं नाही तरी खाल्ला. आता आठ वर्षांनी काय, कधीच तिला शिरूरची शीव ओलांडू देऊ नये. सुनेनं इथंच राहावं. पोरीचं नाव ह्या घरात निघणार नाही."

भामा माझ्या मांडीवर होती. कार्डाचा कोपरा चावत होती.

इंदू, तू मला एक अक्षर लिहिलेलं नाहीस. तूही तेच मानतेस का? दोन वर्षांच्या पोरीनं बाप खाल्ला असं तुझ्या मनात एकदा तरी आलं का? आलं असेल तर तो दोष तुझा नाही. तो दोष

हे पत्र मी पुरं करू शकत नाही. असंच टाकते.

आत्या


धर्माबाद,
२० ऑक्टोबर १९४५

चि. इंदू हीस,

हे पत्र तू एकटी असताना वाच. मग ते किशनरावांना दे. सोबत दुसरा कागद आहे, तो जोशीबुवांसाठी. त्यावर माझी सही आहे आणि बापूसाहेबांचीही.

भामाचा जन्म अकरा वीसला झाला नाही. शिरूरच्या वेळेनं तो दहा वाजून वीस मिनिटांनी झाला. मी कळवलेली वेळ रेल्वेची होती, लढाईची, तासभर पुढची. जोशीबुवांनी ती जुनी समजून गणित केलं. त्यांची चूक नाही. शिरूरला दुसरी वेळ माहीतच कुणाला होती? तासभर म्हणजे अडीच घटका. अडीच घटका मागे गेलं की मूळ लागत नाही. ज्येष्ठेची ती शेवटची घटकाही लागत नाही. तिच्या जन्मात बापाला भय नव्हतंच. साध्या ज्येष्ठेची शांत लागली असती, ती बाराव्या दिवशी उरकून रेणुकादासांनी तिला मांडीवर घेतलं असतं.

एवढंच असतं तर ती माझी चूक झाली असती. घड्याळाचा तोरा मिरवणाऱ्या बाईची चूक. ती मी देवापाशी आणि तुझ्यापाशी कबूल केली असती आणि तू रागावून, रडून, कधीतरी सोडून दिली असतीस. पण ते एवढंच नाही.

तू शिरूरला गेलीस त्याच महिन्यात, नाताळाच्या सुमारास, बापूसाहेब जेवताना एकदम थांबले.

"सौदामिनी, जोशीबुवाला वेळ कोणती कळवलीस गं?"

"माझ्या घड्याळातली."

"म्हणजे टेशनातली."

"दुसरी कुठली असते माझ्याकडं?"

"अगं पण शिरूरला टेशन हाय का?"

मी भात वाढायची थांबले. इंदू, मला त्या क्षणी कळलं. ते म्हणाले, "उद्याच्या टपालानं कळव. पोरगी बापाकडं जाईल." मी म्हटलं, कळवते.

आठ दिवसांनी त्यांनी विचारलं, "कळवलंस?" मी म्हटलं, "कळवलं. जोशीबुवा म्हणाले, त्यानं फरक पडत नाही." त्यांनी विश्वास ठेवला. चाळीस वर्षांच्या संसारात मी त्यांच्याशी खोटं बोलले नव्हते, मग का ठेवणार नाहीत?

मग फेब्रुवारीत तू स्वतःच विचारलंस. त्याच पत्रात मी तुला सात आणि आठ, आठ आणि नऊ शिकवत होते. तुझ्या देवपूजेसाठी तासाचा फरक मला कळत होता आणि जन्मवेळेसाठी कळत नव्हता, असं तुला वाटू दिलं. तू पुन्हा विचारलं नाहीस. मीच तुला वाढवलं होतं, माझ्यावर शंका घ्यायला मी तुला शिकवलंच नव्हतं.

का केलं, ते लिहिणं सगळ्यांत कठीण. तू आलीस तेव्हा तीन वर्षांची होतीस. बोलत होतीस, तुझ्या आईची आठवण काढत होतीस. मी तुला जीव लावला पण तू दुसऱ्या कुणाची तरी होतीस, हे तुझ्या डोळ्यांत रोज दिसायचं. भामा पाच महिन्यांची माझ्या हातात राहिली. तिला दुसरं कुणी आठवत नव्हतं. माझ्या पोटी काही आलं नाही. पन्नाशी उलटल्यावर कुशीत मूल झोपायला लागलं. मी मनाशी म्हटलं, एक महिना, मग कळवू. मग म्हटलं, दात येऊ देत. मग पावलं टाकू दे.

आता जानेवारीतलं. 'भेटून गेले' असं मी लिहिलं होतं. कसे भेटले ते लिहिलं नव्हतं.

रेणुकादास पुढच्या दारानं आलेच नाहीत. मागच्या आवारात आले आणि घराकडे पाठ करून धुण्याच्या दगडावर बसले. मी पाणी घेऊन गेले तर म्हणाले, "आत्याबाई, दार लोटून घ्या. ती एकदम भाईर आली तर माझी नजर जाईल."

मी म्हटलं, "आत तरी या. तिला अख्तरीकडं पाठवते."

"पाठवू नका. तिचाच आवाज ऐकायला आलोय मी. वडलांना म्हणलं मिरचीचा भाव बघून येतो. मला मिरचीतलं काय कळतंय!" आणि हसले.

आत भामा झेंडी घेऊन कोंबड्यांना ओरडत होती. ते ऐकत राहिले. मग विचारलं, "कोणावर ओरडून राहिली?"

"कोंबड्यांवर. जात नाहीत म्हणून."

"आमच्या आईवर गेली की मग. ती पण अशीच." थोड्या वेळानं म्हणाले, "आठातलं दीड झालं, आत्याबाई. साडेसहा राहिलं. माणूस काय, दम धरतो."

मी तिथे उभी होते. हातात तांब्या होता. एक वाक्य बोलायचं होतं. 'रेणुकादास, उठा, वळा, तिला उचला.' इतकंच. अख्तरी कुंपणापलीकडून बघत होती. तिला घड्याळाचं काही माहीत नव्हतं, पण ते गेल्यावर ती मला म्हणाली, "बाई, उसकू एक बार देखने देना था. अल्ला क्या घडी लेके बैठा है?" मी तिला म्हटलं, आमच्या धर्मात तुला काय कळतं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. शेळीचं दूध मात्र पाठवत राहिली.

मी त्यांना लाडू बांधून दिले, इंदू. मुलगी दिली नाही, लाडू दिले.

रेणुकादास वारल्यावर जून, जुलै, ऑगस्ट गेले. मला वाटे, आता सांगून काय उपयोग. माणूस तर परत येत नाही. उलट मुळानं घेतलं म्हणून तरी शिरूरच्या लोकांना कारण सापडलं आहे. ते काढून घेतलं तर त्यांच्याकडे काय राहील? अशी युक्ती मी मनाशी करत होते. कॉन्व्हेंटात ख्रिस्ती मुलींना पाद्री दर शनिवारी विचारत, काय केलंस ते सांग, आणि काय केलं नाहीस तेही सांग. आम्ही हिंदू मुली दाराबाहेर बसून ऐकत असू. मला वाटायचं, न केलेल्याचं पाप कसं असेल?

पंधरा तारखेला लढाईची वेळ संपली. सकाळी पाशामियाँ शिडीवर चढला आणि स्टेशनमास्तरांच्या देखत घड्याळाचा काटा तासभर मागे आणला. बाजारातली माणसं बघायला जमली होती. कुणीतरी ओरडलं, "मियाँ, माझं लगीन झालं ते बी मागं घ्या की!" सगळे हसले. बापूसाहेब हसता हसता माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "बघ, आता शिरूर आणि आपण एक झालो. तवा जोशीबुवा काय म्हणाला होता गं, फरक का पडत नाही?"

मी पदर सारखा करू लागले. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. घरी येऊन भामाचे कपडे ट्रंकेत भरायला लागले. एकेक परकर घडी करून. मी म्हटलं, "अहो." ते म्हणाले, "पत्र लिही. ह्या टायमाला मी स्वतः टाकीन."

म्हणून पाच दिवस लागले तरी हे लिहिलं. तुझी क्षमा मागत नाही. भामाला तिचं नाव परत द्यायचं आहे. तिनं कुणाला खाल्लं नाही. हे किशनरावांनी चारचौघांत म्हणायला हवं. तिला न्यायला कोण येतं ते कळव, नाहीतर मी आणते.

आत्या


धर्माबाद,
२३ नोव्हेंबर १९४५

चि. इंदू हीस,

तुझं कार्ड एका ओळीचं होतं. "भामाला घेऊन या. तुम्ही उंबऱ्याच्या आत येऊ नका." आजपर्यंत तू मला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतंस. ठीक आहे.

शिरूरला भामाला आणलं तेव्हा तू तिला घेऊन लगेच आत गेलीस, म्हणून पुढचं तुला कळलं नसेल, ते सांगते. बापूसाहेब छकड्याजवळ थांबले होते. मी ओट्याखाली उभी होते. किशनरावांनी जोशीबुवांना बोलावून घेतलं होतं. आणखी चौघे होते, चन्नबसप्पा मठवाले आणि इतर. जोशीबुवांनी नवा कागद वाचला. स्वच्छ आवाजात वाचला, हे त्यांचे उपकार. "मुलगी अभुक्त मुळाची नव्हे. पित्यास बाध नव्हता." चन्नबसप्पा म्हणाले, "ऐकलं सगळ्यांनी. आता कोणी त्या लेकराला बोललं तर माझ्याशी गाठ हाय."

मला वाटलं, संपलं. ज्यासाठी आले ते झालं.

तेव्हा किशनराव माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, पोरीनं न्हाई नेला. बरं. मग माझं पोरगं कशानं गेलं?"

मी म्हटलं, "पटकीनं."

"पटकी तर गावाला हाय. गावात साठ घरं हायत. माझ्याच घरात का?" त्यांच्या आवाजात भांडण नव्हतं. खरंच विचारत होते, एखाद्या शिकलेल्या बाईला विचारावं तसं. चार-पाच महिने त्यांनी त्या मुळावर भार टाकून दिवस काढले होते आणि मी तेही काढून घेतलं. मग ते म्हणाले, "आन् त्यानं तिला बघितलं असतं. दोन वर्षं बघितलं असतं." आणि उठून गुरांकडे गेले.

तू मला भेटायला बाहेर आली नाहीस. यावंस असं मी मनात धरलं नव्हतं, असं लिहिलं तर ते खोटं होईल. बापूसाहेब परतीच्या वाटेवर परळीपर्यंत बोलले नाहीत. परळीला चहा आणला, दोन कप. त्यावर मी समाधान मानलं.

आता भामाचं. तिला भाकरी आवडते पण कडा आवडत नाहीत. पाण्यात गूळ घातला तर औषध घेते. भीती वाटली की ती रडत नाही, कोपऱ्यात जाऊन उभी राहते, तेव्हा आपण जाऊन शेजारी उभं राहायचं, उचलायचं नाही. अर्ध्या तासात ती आपणहून हात धरते. तेलुगू शब्द चार-पाच येतात, हसू नका. अख्तरीनं शिकवलेली एक दुवा म्हणते जेवणाआधी. सासूबाईंना चालत नसेल तर हळू म्हणायला सांग, बंद करू नका.

आणि एक. मी तुला कधी लिहिलं नाही. ती मला 'आई' म्हणायची. मी शिकवलं नव्हतं, पण थांबवलंही नाही. दुपारी झोपून उठली की डोळे उघडायच्या आधी तीच हाक मारते. पहिले काही दिवस ती ही हाक मला शोधत मारील. तू जवळ बस आणि 'आले' म्हण. दुसरं काही सांगू नकोस. आत्याआजी कोण, कुठली, हे आत्ताच सांगायची गरज नाही. आठवड्यानं, फार तर पंधरवड्यानं, ती हाक तुझीच होईल.

आत्या